टोनर संपत आलाय, सर!

लॅबमध्ये काम करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "रक्ताची भीती नाय वाटत?" नाही वाटत. रक्त बाटलीत असतं आणि बाटलीला बूच असतं. मला भीती वाटायची ती प्रिंटरवरच्या एका बारक्या केशरी दिव्याची! तो लागला की समजायचं, टोनर, म्हणजे छपाईची पावडर, संपत आली. आमच्या लॅबचे जेवढे म्हणून किस्से आहेत ते सगळे त्या दिव्यापायी झालेले. कपाटाखाली धूळ साठावी तसे साठलेत. मुद्दाम कोणी जमवले नाहीत, पण झाडायला घेतले की संपत नाहीत.

शहापूरच्या बाजारात आमची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. मुरबाडला शाखा आहे, म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि एक फ्रिज. माणसं तीनच. लॅब ज्यांची ते राऊत सर. भातसानगरपासून किन्हवलीपर्यंत मोटरसायकलवर फिरून सॅम्पल आणणारा संतोष. आणि काउंटरवर मी, सुलभा. नाव लिहायचं, रिपोर्ट छापायचा आणि समोरच्याला धीर द्यायचा. आमच्याकडे हसत हसत कोणी येत नाही, त्यामुळे तिसरं काम सगळ्यात जास्त.

सर माणूस फार चांगला. पाड्यावरची बाई पदराची गाठ सोडायला लागली की सर तोंड फिरवून आत निघून जातात. पण टोनरची कार्ट्रिज बदलायची म्हटली की त्यांच्या जिवावर येतं.

"टोनर संपत आलाय, सर!" मी म्हणायची.

"संपत आलाय म्हणजे संपलेला नाही," सर म्हणायचे.

मग ते कार्ट्रिज बाहेर काढायचे, दोन्ही हातांत आडवी धरायचे आणि बाळाला जोजवावं तशी हलवायचे. आतली काळी पावडर एका कडेला जाऊन बसलेली असते, ती पसरते आणि आणखी काही दिवस छपाई निघते. हे खरंच होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण एकदा तेही पुरेना, तेव्हा सरांनी कॉम्प्युटरमध्ये टोनर वाचवायचा सेव्ह मोड शोधून काढला. पावडर कमी लागते आणि अक्षर राखाडी येतं.

माझी खरी भीती इथून सुरू झाली. आमच्या रिपोर्टमध्ये जो आकडा प्रमाणाबाहेर असतो तो ठळक छापतात, बाकीचे साधे. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टर आधी ठळक काय आहे ते बघतात. सेव्ह मोडमध्ये ठळक आणि साधं दोन्ही सारखंच राखाडी! म्हणजे ज्या आकड्याने बोंब मारायची तोच गप्प. अशा एखाद्या गप्प आकड्यापायी एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल, ही भीती मी रोज जेवणाच्या डब्यासोबत घरून घेऊन यायची.

"अगं, डॉक्टरांना आकडे वाचता येतात," सर म्हणायचे आणि विषय मिटायचा.

*

डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचे बाबा. रिपोर्ट घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आले. सोबत बायको आणि सासरहून बोलावून घेतलेली मुलगी. तिघांचेही डोळे लाल.

"ताय, माजा रगात येवढा फिका झाला का गो?"

मला आधी कळेचना. मग त्यांनी एका खिशातून गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढला, दुसऱ्या खिशातून आताचा. वाचता येत नव्हतं, पण रंग दिसत होता. गेल्या वर्षीचा काळाभोर, आताचा राखाडी. वर्षभरात रक्त इतकं पातळ झालं! सगळ्या पाड्याने कागद हातात घेऊन पाहिला होता आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं.

"बाबा, रक्त चांगलं आहे. मशीनची शाई कमी आहे."

"शाय कमी हाय तं तुमच्या लॅबचा नाव कसा लालभडक दिसतं? माजाच फिका?"

आता लेटरहेड प्रेसमध्ये छापून येतं हे त्या घाबरलेल्या माणसाला कसं सांगायचं? शेवटी सरांनी कार्ट्रिज जोजवली, सेव्ह मोड तेवढ्यापुरता काढला आणि गडद रिपोर्ट दिला. बाबांनी तो उजेडाकडे धरला आणि बायकोकडे वळून म्हणाले, "बघ! दोन दिस बीट खाल्ला, तं कसा काला झाला!"

तेव्हापासून त्या पाड्यावरून जो येतो तो आधी पोटभर बीट खाऊन येतो. आणि त्यांच्या लघवीचा लाल रंग बघून घाबरायची पाळी आमच्यावर येते!

*

कार्ट्रिज हलवायचीही एक पद्धत असते. आडवी धरायची, हळू हलवायची. संतोषला हळू काही करताच येत नाही.

तो मुरबाडला मुलगी बघायला निघाला होता. पांढराशुभ्र शर्ट, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. स्थळ चांगलं होतं, आधीची दोन हातची गेलेली, त्यामुळे सकाळपासून बिचारा पाणीसुद्धा घोट घोट पीत होता. नेमका दिवा लागला. सर आत सुई टोचत होते. आतूनच म्हणाले, "संतोष, जाता जाता जरा हलव रे ती."

संतोषने भीतीचा सगळा जोर कार्ट्रिजवर काढला. भस्सकन पावडर बाहेर! शर्ट, हात, एक गाल, सगळं काळं.

पावडर नुसती झटकायची असते, फार तर गार पाणी. हे सर सांगेपर्यंत संतोषने काचा धुवायच्या गरम पाण्यात रुमाल बुडवून छाती घासली होती. गरम लागलं की टोनर कापडात मुरतो. छातीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग कायमचा बसला. दुसरा शर्ट आणायला वेळ नव्हता. तो तसाच गेला.

मुलीच्या वडिलांनी बराच वेळ डागाकडे बघितलं आणि विचारलं, "रक्ताची लॅब ना तुमची? का गॅरेज?"

संतोषने डागावर हात ठेवला. तो म्हणतो, आतल्या दारातून मुलगीच बोलली, "काम करणाऱ्याचे कपडे आहेत ते, बाबा."

लग्न झालं. आजही तो सकाळी निघाला की बायको विचारते, "आज हलवायची हाय का? मग काला शर्ट घाला!"

*

नंतर सरांना कोणीतरी सांगितलं की नवी कशाला घेता, रिकामीच भरून मिळते. कल्याणकडचा एक माणूस यायचा आणि भरून द्यायचा. दोन वेळा चांगली भरली. तिसऱ्या वेळी कुठली पावडर टाकली देव जाणे, कागदावर आधीच्या कागदाची सावली उमटायला लागली. छापला एकाचा रिपोर्ट, की त्याच्याखाली अंधूक आदल्या पेशंटचं नाव!

मुरबाडच्या एका दुकानदाराची साखर तपासली. रिपोर्ट घरी गेला. संध्याकाळच्या आत नवराबायको दोघेही मुरबाडच्या टेबलासमोर हजर. त्या दिवशी तिथे सर स्वतः होते. बाईंनी कागद पुढे ठेवला आणि त्यातल्या अंधूक ओळीवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

त्यांच्या नवऱ्याच्या साखरेखाली चक्क एका बाईचं नाव, 'सौ.' लावून! दुकानदाराच्या कपाळावर घाम. साखर किती आली ते त्याने तोवर विचारलंही नव्हतं. त्याला दुसरीच भीती होती.

"वहिनी, ती सावली आहे," सर म्हणाले.

"सावलीला नाव असतं?"

सरांनी दोघांना शहापूरला आणून प्रिंटर उघडून दाखवला, कोरे कागद छापून दाखवले. बाईंनी सगळं शांतपणे बघितलं. निघताना नवऱ्याला म्हणाल्या, "चला घरी. तिथे बघते."

त्या माणसाची पुढच्या महिन्याची साखर वाढलेली आली. त्याचा दोष मी तरी मिठाईला देत नाही.

*

मग एकदा प्रिंटरच अडून बसला. टोनर बदला म्हणाला आणि छापायचंच नाही म्हणाला. सरांनी कार्ट्रिज चारी बाजूंनी न्याहाळली. तिच्या कडेला एक बारकी काचेची खिडकी असते, त्यातून मशीन आत किती पावडर आहे ते बघतं. सरांनी त्या खिडकीवर काळी टेप चिकटवली!

प्रिंटर फसला. दिवा विझला आणि छपाई सुरू. सर लहान मुलासारखे खूश.

"आता लागणारच नाही दिवा!"

मला रडू यायचं बाकी होतं. दिवा लागत होता तेव्हा निदान कधी घाबरायचं ते कळत होतं. आता मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाबरायला लागले. पावडर कुठल्या कागदावर संपेल त्याचा नेम नाही. एकदा भातसानगरच्या एक बाई रिपोर्ट घेऊन गेल्या, तो अर्धा कागद छापलेला आणि खाली कोरा. मी धावत रस्त्यापर्यंत गेले, तर त्या रिक्षाची वाट बघत उभ्या, चेहरा हसरा.

"बघितलं ना ताई? खाली सगळं कोरं! देवाच्या कृपेने बाकी काही निघालं नाही!"

त्यांच्या हातातून तो कागद परत घेताना मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी मी माझा उपाय काढला. लाल बॉलपेन. प्रत्येक प्रमाणाबाहेरच्या आकड्याभोवती स्क्रीनवर बघून हाताने गोल.

"शाळा काढलीस का?" सर म्हणाले. पण अडवलं नाही.

पहिल्या आठवड्यात एक धडधाकट माणूस गोल बघून काउंटरसमोर मटकन खाली बसला. "ताईनी लाल मारला! संपला सगला!" कोलेस्टेरॉल जरासं वाढलं होतं, एवढंच. त्याला साखरपाणी देऊन घरी पाठवलं.

हळूहळू लोकांना सवय झाली आणि मग वेगळंच सुरू झालं. दोन शेजारी एकाच वेळी तपासून गेले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक भांडायला आला. "त्याला चार गोल आणि मना एकच? माजा नीट तपासला का नाय?" मी म्हटलं, "काका, एक गोल म्हणजे चांगलं." तर म्हणे, "तो सगल्या गावात कागद दाखवत फिरतंय. मी काय दाखवू?"

डॉक्टर मंडळी मात्र खूश. कागद हातात आला की नजर थेट गोलावर. गावातल्या एका डॉक्टरांनी तर फोन करून सांगितलं, "सुलभाताई, तुमच्या गोलांमुळे आमचा किती टाइम वाचतो!" मी दिवसभर हवेत होते. भीती गेली असं वाटायला लागलं होतं.

*

चुलतबहिणीच्या लग्नाला मी सरळगावला गेले होते. त्या दिवशी रिपोर्ट छापायला संतोष बसला. छापले, पाकिटात घातले, वाटले. गोलांचं त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीने आदल्या दिवसाचे रिपोर्ट स्क्रीनवर उघडले. आटगावची एक कॉलेजात जाणारी मुलगी, ताप. तिच्या प्लेटलेट खाली गेलेल्या. तातडीने फोन करावा इतक्या नाही, पण ठळक दिसायलाच हव्यात अशा. स्क्रीनवर ठळक दिसत होत्या. कागदावर सेव्ह मोड.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"तिचा? नॉर्मल होता की. गोळ्या देऊन घरी पाठवली," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनाच आठवलं, "गोल नव्हता त्याच्यावर."

मी त्यांना गोलांची सवयच लावली नसती तर त्यांनी आकडे वाचले असते. आमचा कागद म्हणून वाचले नाहीत! मुलीच्या वडिलांचा फोन लागेना. संतोषने हेल्मेटसुद्धा घेतलं नाही, तसाच आटगावला सुटला. सर आतून आले, मी काय झालं ते सांगितलं, आणि ते पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी त्यांना कधीच बसलेलं पाहिलं नव्हतं.

काउंटरसमोर लोक उभे होते. कोणाची नावं लिहिली, काय लिहिलं, मला आठवत नाही. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की मी दाराकडे बघायची आणि ती दुसऱ्याच कोणाची असायची.

संतोषचा फोन आला तो थेट दवाखान्यातून. "ताई, आणली. तिची आयपण हाय. दात घासताना रगात येत होता बोलते सकाळपासून." पुन्हा तपासलं तर प्लेटलेट आणखी खाली गेलेल्या. तिला लगेच दाखल केलं. दोन दिवस आम्ही तिघेही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी आकडा वर चढायला लागला, तेव्हा सर बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. हातात कार्ट्रिजचा खोका. नवी, सीलबंद!

जुनी त्यांनी टेपसकट टाकून दिली. सेव्ह मोड स्वतःच्या हाताने काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा लावायचा नाही. मी सांगितलं तरी लावायचा नाही."

मुलगी बरी होऊन तपासणीला आली तेव्हा काउंटरवर दोन्ही कोपर टेकून उभी राहिली.

"ताई, आज गोल नसला ना, तरी मी दोनदा विचारणार हां!"

आतून सरांचा आवाज आला, "तीनदा विचार, बाळ."

*

आणि हा शेवटचा, या पावसाळ्यातला.

लॅबमध्ये तपासणीचं नवीन किट उघडलं की ते सरळ पेशंटला लावत नाहीत. आधी एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लावून बघायचं. आकडा जिथे यायला हवा तिथे आला, तर किट बरोबर. आमच्याकडे ते रक्त पहिल्यापासून सरांचंच. बाही वर करायचे आणि ऐटीत म्हणायचे, "मी म्हणजे या तालुक्याचा नॉर्मल!"

किडनीच्या तपासणीचं नवीन किट आलं. सरांनी स्वतःचं रक्त लावलं. आकडा वर.

"किट खराब आलंय," सर म्हणाले.

दुसरा खोका उघडला. पुन्हा वर. "सगळा मालच खराब दिसतोय." सेल्समनला फोन करून सरांनी असा झापला की पुढच्या खुर्चीतली पेशंटची नात रडायला लागली. सेल्समन बिचारा दुसऱ्या दिवशी नवीन खोका घेऊन ठाण्याहून धावत आला. आकडा वरच. मग सरांनी मशीन उघडलं, नळ्या धुतल्या, पुसल्या, पुन्हा लावलं. तरी वरच.

"सुलभा, हात दे."

माझं रक्त लावलं. आकडा बरोबर आला.

"संतोष, इकडे ये."

त्याचंही बरोबर. संतोषला हायसं वाटलं, तो मोठ्याने म्हणाला, "सर, किट एकदम करेक्ट हाय!"

आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा उतरला.

मला इतकी भीती त्या मुलीच्या वेळीही वाटली नव्हती. तेव्हा निदान धावायला जागा होती. सरांनी हातातले मोजे काढले, बादलीत टाकले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"माझं नाव टाक. पेशंट म्हणून. रिपोर्ट काढ."

सरांच्या घरी सगळं बघतात त्या वहिनी, सरांच्या बायको. माझ्या आधी कितीतरी वर्षं त्याच या काउंटरवर बसायच्या. अजूनही शेजारपाजारचे त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन जातात. कागद हातात आला की वहिनी तो वाचत नाहीत, वरून खाली नुसती नजर फिरवतात. ठळक जिथे असेल तिथे थांबतात. नसेल तर हसून कागद परत देतात.

मी नाव टाकलं. बटण दाबलं. नवी कार्ट्रिज, अक्षर काळंभोर. सगळ्या साध्या ओळींच्या मधोमध तो एक आकडा ठळक. लाल पेनाकडे माझा हात सवयीने गेला आणि मी तो मागे घेतला.

सर कागद घेऊन खिडकीपाशी गेले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग परत आले आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"सुलभा, हा जरा सेव्ह मोडवर काढ. घरी दाखवायचाय."